चालू संगणक भंगारात काढण्यापूर्वी : आमच्या शिक्षण संस्थेच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव व कार्यकारी मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : शाळांतील संगणक निर्लेखित करण्याच्या ठरावास हरकत आणि मुक्तस्रोत प्रणालीच्या पर्यायाबाबत विनंती

स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्टीपासून आपल्या शाळेचा संगणक कक्ष बंद आहे. पालक सभेत आम्हाला असे सांगण्यात आले की, ‘विंडोज १०’ ही संगणक चालवणारी प्रणाली मायक्रोसॉफ्ट कंपनीने बंद केल्यामुळे संस्थेच्या शाळांतील सर्व जुने संगणक निरुपयोगी ठरले आहेत, ते डेड स्टॉकमधून (शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीतून) निर्लेखित करून लिलावात काढण्याचा ठराव कार्यकारी मंडळाने केला आहे आणि नव्या संगणकांसाठी प्रत्येक पालकाकडून वर्गणी घेतली जाणार आहे. ज्या माहितीवर हा ठराव उभा आहे ती अपुरी आहे. अपुऱ्या माहितीच्या आधारे चालू स्थितीतले संगणक भंगारात जाणार असतील, तर त्यावर गप्प बसणे मला पटत नाही. शाळा गावाच्या पैशावर उभी राहिली आहे, म्हणून आपल्याला उद्देशून लिहिलेले हे पत्र मी गावासमोर आणि जिल्ह्यातील इतर पालकांसमोरही ठेवत आहे.

मी याच शाळेची माजी विद्यार्थिनी असून माझी मुलगी सध्या येथे नववीत शिकते. सांगलीत माझे मराठी टंकलेखन, डीटीपी आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचे छोटे केंद्र आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा शाळेच्या तळमजल्यावरचा संगणक कक्ष पाण्याखाली गेला होता. पाणी ओसरल्यावर कॅबिनेट उघडली, तेव्हा मदरबोर्डवर गाळाचा थर बसलेला होता आणि पॉवर सप्लायच्या पंख्यात गवताच्या काड्या अडकलेल्या होत्या. त्यानंतर माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्यांनी पैसे पाठवले, तसे इथल्यांनी उसाच्या बिलातून दिले. त्यातून कंपन्यांनी वापरून काढलेले, पण चांगल्या स्थितीतले डेस्कटॉप घेतले गेले आणि कक्ष वरच्या मजल्यावर हलवण्यात आला, त्यामुळे जुलै २०२१ च्या पुरात तो वाचला. त्या वर्गणीत माझाही वाटा आहे आणि संगणक जोडण्याच्या कामात मीही होते. ज्यांनी ते पैसे दिले, त्यांना या ठरावापूर्वी कोणी एका शब्दाने विचारले नाही, ही माझी पहिली हरकत आहे.

दुसरी हरकत ठरावाच्या कारणाबद्दल आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपवला, हे खरे आहे. त्या तारखेनंतर या प्रणालीला नियमित सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. मात्र संगणक त्या दिवशी बंद पडलेला नाही. त्यातील प्रोसेसर, रॅम, मॉनिटर, कीबोर्ड आदल्या दिवशी चालत होते तसेच दुसऱ्या दिवशीही चालत होते. इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर अपडेटशिवाय काम करत राहणे धोक्याचे आहे, आणि मुलांना तशा संगणकावर बसवू नये या आपल्या भूमिकेशी मी पूर्ण सहमत आहे. परंतु त्यावरचा उपाय प्रणाली बदलणे हा आहे. विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर गेला म्हणून कोणी विहीर बुजवत नाही.

‘हे संगणक विंडोज ११ घेत नाहीत’, असे पुरवठादाराने आपल्याला सांगितले असेल, तर तेही बरोबर आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट (सुरू होताना प्रणाली तपासणारी सोय) आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आपल्या कक्षातील बहुतेक संगणक सहाव्या पिढीचे आय-थ्री आहेत, त्यामुळे ते या चाळणीत अडकतात. ही अट एका कंपनीने आपल्या एका उत्पादनासाठी घातलेली आहे. सहाव्या पिढीचा आय-थ्री शाळेच्या कामाला कमी पडतो असा तिचा अर्थ होत नाही, आणि तसे कोणी सांगत असेल तर त्यांनी तो संगणक समोर चालवून दाखवावा.

विंडोजला पर्याय म्हणजे लिनक्स ही प्रणाली. तिचे केंद्र असलेला कर्नल १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिहायला घेतला. तेव्हापासून जगभरच्या लोकांनी मिळून वाढवलेल्या या मुक्तस्रोत प्रणालीचे डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट असे अनेक प्रकार आज उपलब्ध आहेत. हे प्रकार मोफत आहेत, एकाच प्रतीवरून कितीही संगणकांवर कायदेशीरपणे बसवता येतात आणि त्यांचा सोर्स कोड पाहण्याची व बदलण्याची मुभा परवान्यातच दिलेली असते. लिनक्स मिंटच्या बाविसाव्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. आपल्या संगणकांत ४ जीबी आहे.

माझ्या केंद्रातला मुख्य डेस्कटॉपही विंडोज ११ घेत नव्हता. त्यावर मी आता लिनक्स मिंट वापरते, म्हणून पुढचे सर्व अनुभवाने लिहीत आहे. प्रणाली आधी पेनड्राइव्हवर घेतली. संगणक सुरू करताना एफ-१२ दाबून पेनड्राइव्ह निवडला की ती हार्डडिस्कला हात न लावता तिथूनच चालते. त्याच अवस्थेत वायफाय, आवाज, प्रिंटर, स्कॅनर तपासून घेता येतात आणि पटले तरच ती कायमची बसवायची असते. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाणित कळरचना) निवडले की झाले. ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘ऱ्य’ सगळे नीट उमटते आणि जोडाक्षरे फुटत नाहीत. सातबारा काढणे, दाखल्यांचे अर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म ही कामे ब्राउझरमधली असल्याने ती इथेही तशीच होतात. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन येतात, त्यातले निम्मे शॉर्टकट व्हायरसने भरलेले असतात, सगळे फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी बाण असलेली चिन्हे दिसतात. तो व्हायरस विंडोजसाठी लिहिलेला असल्यामुळे लिनक्सवर चालत नाही, आणि लपवलेले मूळ फोल्डर सरळ डोळ्यांसमोर येतात. शाळेच्या कक्षात हाच त्रास मुलांना आणि शिक्षकांना किती होतो, हे आपल्या शिक्षकांना विचारावे.

माझ्या संगणकात जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली आणि रॅमची एक पट्टी वाढवली. सुरू होण्याच्या वेगात पडलेला फरक गिऱ्हाइकांच्याही लक्षात आला. शाळेच्या संगणकांनाही फार तर एवढेच लागेल, आणि त्याचा खर्च नव्या संगणकाच्या किमतीचा छोटा अंश असेल. नेमके आकडे आपण सांगलीतल्या तीन दुकानांतून दरपत्रके मागवून पाहावेत. माझ्या शब्दावर विसंबू नये.

तिसरी हरकत वर्गणीची आहे. गेल्या काही वर्षांत पुराने आणि अवकाळीने इथल्या घरांची काय अवस्था झाली, हे मंडळातील सदस्य जाणतातच, कारण त्यांतील अनेकांची शेती याच काठावर आहे. ज्या खर्चाची गरज सिद्ध झालेली नाही तो पालकांवर टाकू नये. वर्गणी ऐच्छिक आहे असे सांगितले गेले, पण वर्गात नावे वाचून दाखवली जातात तेव्हा ती ऐच्छिक राहत नाही.

चौथी हरकत सांगताना मला संकोच वाटतो, तरी सांगणे भाग आहे. कक्षातील अनेक संगणकांच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ ही फिकट अक्षरे कित्येक महिन्यांपासून दिसत आहेत. म्हणजे परवान्याची बाब आधीपासूनच अपुरी आहे. मुलांना आपण परीक्षेत नक्कल करू नका असे सांगतो, तेव्हा त्यांच्यासमोरचे सॉफ्टवेअरही रीतसर असले पाहिजे. मुक्तस्रोत प्रणालीत हा प्रश्नच उरत नाही. आणि ज्यांना विंडोजवरच राहायचे आहे त्यांच्यासाठीही घाईचे कारण नाही. रीतसर परवाना असलेल्या शैक्षणिक संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेटची योजना ठेवली आहे, तिचा दर प्रत्येक संगणकामागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असा जाहीर झालेला आहे. हे आपल्याला पुरवठादाराने सांगितले होते का, एवढे कृपया स्पष्ट करावे.

पाचवी हरकत मला सर्वांत गंभीर वाटते. लिलावात जाणाऱ्या संगणकांत कार्यालयातलेही संगणक आहेत. त्यांच्या हार्डडिस्कवर जनरल रजिस्टरच्या नोंदी, मुलांच्या आधार कार्डांची छायाचित्रे, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले बँक खात्यांचे क्रमांक, जातीचे दाखले आहेत. फाइल ‘डिलीट’ केल्याने किंवा डिस्क नुसती झटपट (क्विक) ‘फॉरमॅट’ केल्याने हा मजकूर जात नाही, तो साध्या सॉफ्टवेअरने परत मिळवता येतो. त्यावर नव्याने लिहून डिस्क पूर्ण पुसल्याशिवाय एकही संगणक शाळेच्या फाटकाबाहेर जाता कामा नये. शिवाय ई-कचऱ्यासाठी १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू आहेत आणि असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे जाणे अपेक्षित आहे. लिलावात किलोवर घेणारा व्यापारी मदरबोर्ड जाळून तांबे काढणार असेल, तर तो धूर आपल्याच शिवारात पसरेल.

आता आपल्या बाजूने येणाऱ्या शंका मी टाळत नाही. लिनक्सवर सगळेच चालते असा माझा दावा नाही. हिशेबासाठी वापरले जाणारे टॅली विंडोजसाठीच बनलेले आहे, त्यामुळे लेखापालांचा संगणक तूर्त विंडोजवरच राहू द्यावा. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन काही संकेतस्थळांवर लिनक्समधून अडतात. आपल्याकडे दुकानोदुकानी दिसणाऱ्या काही जुन्या लेझर प्रिंटरांचे ड्रायव्हर बसवताना खटपट करावी लागते, म्हणून प्रिंटर आधी तपासून मगच निर्णय घ्यावा. शिक्षकांच्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये आहेत आणि तो फाँट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या की मराठीच्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसते. ही अडचण मात्र नवा संगणक घेतला तरी जाणार नाही. ते सगळे साहित्य कधीतरी युनिकोडमध्ये (कोणत्याही संगणकावर मराठी सारखीच दिसावी यासाठीच्या प्रमाण पद्धतीत) आणावेच लागणार आहे, आणि त्यासाठी फाँट बदलून देणारी साधने उपलब्ध आहेत. हे काम मी रोज करते.

‘मुलांना पुढे एमएस-सीआयटी करायचे आहे, नोकरीत विंडोजच असते, मग लिनक्स शिकून काय उपयोग?’ हा प्रश्न सभेत एका सदस्यांनी विचारला होता, आणि तो पालकांच्याही मनात आहे. शाळेत मूल फाइल जतन करणे, फोल्डर लावणे, तक्त्यात बेरजेचे सूत्र लिहिणे, पत्राचा मसुदा करणे, इंटरनेटवरची माहिती पारखून घेणे हे शिकते. लिब्रेऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या तक्त्यात बेरीज शिकलेल्या मुलीला एक्सेलमध्ये ती करायला नव्याने शिकावे लागत नाही. भूमितीसाठी जिओजेब्रा, प्रोग्रॅमिंगसाठी स्क्रॅच आणि पायथन, आकाशदर्शनासाठी स्टेलॅरियम ही सगळी साधने लिनक्सवर चालतात. मोबाइलमधले अँड्रॉइड लिनक्सच्याच कर्नलवर चालते आणि मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हरही बहुतांशी लिनक्सवर चालतात. याच मुलांपैकी कोणी पुढे अभियांत्रिकीला गेले, तर तिथे लिनक्स समोर येणारच आहे. तरीही परीक्षेच्या सरावासाठी कक्षात दोन संगणक रीतसर परवान्याच्या विंडोजचे ठेवावेत, याला माझी काहीच हरकत नाही.

हा मार्ग कोणी चोखाळलेला नाही असेही नाही. केरळच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत संगणकाचे शिक्षण कित्येक वर्षे मुक्तस्रोत प्रणालीवर चालते. ‘आयटी ॲट स्कूल’ या प्रकल्पाने ते रुजवले आणि आज ‘काइट’ ही तिथली सरकारी संस्था उबुंटूवर आधारित स्वतःची प्रणाली शाळांना पुरवते. आपल्या देशाच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही प्रणाली २००७ पासून दिलेली आहे. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे धोरण स्वीकारले. सरकारी खरेदीच्या निविदेत अशा सॉफ्टवेअरचा विचार झालाच पाहिजे आणि तो टाळायचा असल्यास पुरवठादाराने कारण दिले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. ते धोरण आपल्या संस्थेवर बंधनकारक नाही, हे मला माहीत आहे. पण सरकारला जी काळजी घ्यावीशी वाटली ती गावच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने घेतली तर बिघडत नाही.

याची दुसरी बाजूही लपवत नाही. जर्मनीतील म्युनिक शहराने सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ साली तिथल्या नगर परिषदेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचा निर्णय घेतला. त्यामागे राजकारण किती आणि तांत्रिक कारणे किती, यावर आजही वाद आहे. मी त्यातून घेतलेला धडा असा की, प्रणाली बसवून मोकळे होता येत नाही. कक्षाची जबाबदारी असलेली, शिकलेली आणि मुख्याध्यापकांचा पाठिंबा असलेली एक व्यक्ती शाळेत हवीच. ती तयार करण्यासाठी फार लांब जावे लागणार नाही, कारण मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी निवेदनासह मोफत उपलब्ध आहेत. आपल्या विज्ञान शिक्षकांना उन्हाळी सुट्टीची वाटही पाहावी लागणार नाही.

म्हणून मंडळाकडे माझ्या मागण्या अशा आहेत. लिलावाची प्रक्रिया तातडीने थांबवावी आणि वर्गणीची सूचना मागे घ्यावी; ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांना ते परत करावेत. संस्थेच्या एका शाळेत, आमच्याच शाळेत, येत्या सत्रासाठी संगणक कक्ष लिनक्सवर चालवून पाहावा आणि सत्राअखेरीस शिक्षक, विद्यार्थी व पालक यांची मते लेखी घ्यावीत. त्यात गैरसोय दिसली तर नवे संगणक जरूर घ्यावेत, मी विरोध करणार नाही. तोपर्यंत एकही हार्डडिस्क पुसल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नये आणि पुसल्याची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये असावी. यापुढे संगणक खरेदी करायचे झाल्यास दरपत्रकात प्रणालीसह आणि प्रणालीशिवाय असे दोन्ही दर मागवावेत, आणि तांत्रिक सल्ला देणारी व्यक्ती आणि माल पुरवणारी व्यक्ती एकच नसावी. पुरवठादारावर मी कसलाही आरोप करत नाही. ज्याचा व्यवसाय नवे संगणक विकण्याचा आहे त्याला जुने टिकवण्याचा सल्ला मागणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे.

सर्वांत तातडीची मागणी कक्ष उघडण्याची आहे. दहावीच्या मुलांचे वर्ष संपत आले आहे, त्यांना पुढच्या सत्राचा उपयोग नाही. इंटरनेटची जोडणी काढून ठेवली, तर आहे त्याच प्रणालीवर टंकलेखन, तक्ते आणि प्रोग्रॅमिंगचे तास उद्यापासून घेता येतील.

हा विषय कार्यकारी मंडळाच्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, त्या सभेत मला प्रात्यक्षिकासाठी वेळ द्यावा आणि जो निर्णय होईल तो कारणांसह शाळेच्या सूचना फलकावर लावावा. कक्षातील सर्व संगणकांवर प्रणाली बसवणे, मराठी कीबोर्ड लावून देणे आणि शिक्षकांना पहिले काही आठवडे सोबत करणे हे काम मी आणि सांगली-मिरजेतील माझे काही सहव्यावसायिक विनामोबदला करण्यास तयार आहोत. त्यासाठी संस्थेने वीज आणि इंटरनेट उपलब्ध करून द्यावे, बाकी साहित्य आमचे आम्ही आणू.

आपली विश्वासू,
एक माजी विद्यार्थिनी व पालक,
जि. सांगली